रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही

कोरोनानंतर रेंगाळणारा आजार ओळखू या, त्याची नोंद ठेवू या

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विहारात वंदना आटोपली की आम्ही एक टेबल मांडतो. त्यावर बीपीचे यंत्र, साखर तपासायचे यंत्र आणि एक जाड वही. सरकारी रुग्णालयातली माझी परिचारिकेची नोकरी संपली, पण वस्तीत मला सगळे अजून ‘सिस्टर’च म्हणतात.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी एक मावशी मुलाला घेऊन आल्या. वय पन्नाशीच्या आसपास. बीपी ठीक, साखर थोडी वर. मी वहीत लिहून घेतले आणि पुढच्याला बोलावणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, “सिस्टर, एक विचारायचं होतं. अंगात त्राणच राहिलं नाही हो.”

मुलगा मध्येच म्हणाला, “सिस्टर, सगळं तपासून झालंय. एक्सरे काढला, रक्त तपासलं, ईसीजी काढला. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आता तुम्हीच समजवा आईला.”

मावशी खाली मान घालून बसल्या. मग हळूहळू बोलू लागल्या. आधी त्या चार घरची धुणीभांडी करायच्या. एप्रिल २०२१ मध्ये कोरोना झाला. नऊ दिवस ऑक्सिजनवर होत्या. घरी परतल्या तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांनी कामावर गेल्या, पण पूर्वीसारखे जमेना.

“काम करते त्या दिवशी कसंतरी होऊन जातं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी मात्र अंथरुणातून उठवत नाही. गॅसवर दूध ठेवते आणि विसरते. एका घरी दोनदा असं झालं, त्यांनी काम सोडायला सांगितलं.” चारची दोन घरे झाली. “घरात सगळ्यांना वाटतं, मला आळस लागलाय. आता तर मलाही तसंच वाटतं.”

आजारी माणसाने स्वतःलाच आळशी समजावे, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान या विषयावर. कारण मावशी एकट्या नाहीत. आपल्या प्रत्येक गल्लीत अशी दोन-चार माणसे आहेत. ती बोलत नाहीत, एवढेच.

या आजाराला नाव आहे

कोरोना झाल्यानंतर बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे झाले. काहींचे दुखणे मात्र महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे रेंगाळले. याला ‘लाँग कोविड’ म्हणतात. म्हणजे लांबलेला कोरोना.

हे नाव कोणत्या मोठ्या डॉक्टरने किंवा औषध कंपनीने दिलेले नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटलीतल्या पुरातत्त्व संशोधक बाईंनी स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहिताना समाजमाध्यमावर हा शब्द वापरला. त्या वेळी सगळीकडे सांगितले जात होते की सौम्य कोरोना दोन आठवड्यांत बरा होतो. पण हजारो लोकांना तो बरा होत नव्हता. डॉक्टर म्हणायचे, रिपोर्ट चांगला आहे. रुग्ण म्हणायचे, मी चांगला नाही. जगभरच्या अशा रुग्णांनी तो शब्द उचलला. पुढे तोच शब्द डॉक्टरांनी आणि सरकारांनीही स्वीकारला.

६ ऑक्टोबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची व्याख्या जाहीर केली. सोप्या भाषेत ती अशी: कोरोना झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी जो त्रास दिसतो, किमान दोन महिने टिकतो, आणि ज्याचे दुसरे कोणतेही कारण तपासणीत सापडत नाही, तो लाँग कोविड.

या व्याख्येत आपल्या कामाची एक गोष्ट आहे. कोरोना ‘सिद्ध झालेला’ असावा किंवा ‘होऊन गेल्याची दाट शक्यता’ असावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्टचा कागद असलाच पाहिजे, असे नाही. आपल्यातल्या कितीतरी लोकांनी तेव्हा तपासणी केलीच नाही. घर सील होईल, रोज बुडेल, सेंटरमध्ये नेतील, ही भीती होती. ताप अंगावर काढला. त्यांच्याकडे कागद नाही, पण त्यांचा त्रास खोटा ठरत नाही.

त्रास कसा असतो?

लाँग कोविडची दोनशेहून अधिक लक्षणे नोंदवली गेली आहेत. आपल्याकडे जास्त ऐकू येतात ती ही:

झोपूनही न जाणारा थकवा. जिना चढताना किंवा हंडा उचलताना लागणारी धाप. छातीत धडधड, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. विसराळूपणा, हिशेब चुकणे, बोलताना शब्द न आठवणे. सांधे आणि स्नायू दुखणे. झोप न लागणे. वास किंवा चव न परतणे. रेंगाळणारा खोकला. बायकांच्या पाळीत बदल. उदास वाटणे, जीव घाबरणे.

यातले एक लक्षण नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यावरूनच घरात सर्वाधिक गैरसमज होतात. माणूस एखाद्या दिवशी बरा दिसतो, काम करतो, हसतो-बोलतो. आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम कोसळतो. घरच्यांना वाटते, काल तर ठीक होती, आज नाटक करते. पण श्रमानंतर उशिराने कोसळणे हीच या आजाराची मोठी खूण आहे. मावशींनी नेमके तेच सांगितले होते.

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी हे तपासून पाहिले. त्यांनी लाँग कोविडचे २५ रुग्ण आणि २१ निरोगी माणसे घेतली. सगळ्यांना जाग्यावरची सायकल चालवायला लावली. त्याआधी आणि दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. रुग्णांच्या स्नायूंत श्रमानंतर इजा वाढलेली दिसली. पेशीमध्ये शक्ती तयार करणारा भागही नीट काम करत नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आळसाने स्नायूला इजा होत नाही. शरीरातच बिघाड आहे, म्हणून माणूस उठू शकत नाही.

मग एक्सरे नॉर्मल कसा? कारण एक्सरेमध्ये फुप्फुसाचा फोटो दिसतो, त्याचे काम दिसत नाही. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने कोरोना होऊन गेलेल्या २०७ लोकांच्या फुप्फुसांचे काम मोजले. सुमारे ४४ टक्के लोकांत फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता कमी झालेली होती. सुमारे ३५ टक्के लोकांची फुप्फुसे पुरेशी फुलत नव्हती. याला वेगळी श्वासाची तपासणी लागते, ती मोठ्या रुग्णालयात होते. म्हणून धाप लागत असेल आणि एक्सरे चांगला असेल, तर डॉक्टरांना विचारा, “फुप्फुसाच्या कामाची तपासणी करता येईल का?” हे विचारणे उद्धटपणा नाही. तो रुग्णाचा हक्क आहे.

मेंदूचेही तसेच. इंग्लंडमध्ये हजारो लोकांच्या मेंदूचे स्कॅन कोरोना येण्याआधीच काढून ठेवलेले होते. पुढे त्यातल्या ७८५ लोकांचे पुन्हा स्कॅन काढले. मधल्या काळात ४०१ जणांना कोरोना झाला होता, बाकीच्यांना नव्हता. ज्यांना झाला होता, त्यांच्या मेंदूच्या काही भागांत, विशेषतः वासाशी जोडलेल्या भागांत, जास्त झीज दिसली. त्यांतल्या बहुतेकांचा आजार सौम्य होता. बदल छोटे होते आणि प्रत्येकात सारखे नव्हते. पण गॅसवरचे दूध विसरणे हे सगळे ‘लक्ष नसणे’ नसते, एवढे यातून कळते.

किती लोकांना होतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कोरोना झालेल्या १०० पैकी सुमारे ६ जणांना लाँग कोविड होतो. आकडा लहान वाटतो. पण एखाद्या वस्तीत हजार जणांना कोरोना होऊन गेला असेल, तर ही साठ माणसे झाली. सौम्य आजार झालेल्यांनाही तो होतो. स्त्रियांत आणि आजार गंभीर झालेल्यांत प्रमाण जास्त असते. लस घेतलेल्यांत कमी असते.

रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांची स्थिती अधिक अवघड राहिली. चीनमधल्या वुहानमध्ये अशा १,१९२ लोकांचा दोन वर्षे पाठपुरावा केला गेला. सहा महिन्यांनी ६८ टक्के लोकांना काही ना काही त्रास होता. दोन वर्षांनी तो ५५ टक्क्यांवर आला. म्हणजे सुधारणा होते, पण हळू होते. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या १४,४१९ रुग्णांची वर्षभर फोनवरून चौकशी केली. वर्षाच्या आत ६.५ टक्के लोक दगावले होते. लागण होण्याआधी लसीचा एक तरी डोस घेतलेल्यांना या मृत्यूपासून बरेच संरक्षण मिळाल्याचे त्यात दिसले. १७ टक्के लोकांना घरी गेल्यावर महिना-दोन महिन्यांनीही त्रास होत होता. म्हणजे ‘डिस्चार्ज मिळाला’ म्हणजे ‘बरा झाला’ असे नव्हे.

रोजीचे काय होते?

आजार शरीरात होतो, पण त्याची किंमत घर मोजते. ब्रिटनमध्ये रुग्णालयातून घरी गेलेल्या १,०७७ लोकांना पाच महिन्यांनी विचारले, तेव्हा पूर्ण बरे वाटते म्हणणारे फक्त २९ टक्के होते. आधी काम करणाऱ्यांपैकी सुमारे १८ टक्के लोक आता कामावर नव्हते. तिथे आजारपणाची पगारी रजा मिळते. आपल्याकडे नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला, कंत्राटावरच्या सफाई कामगाराला, धुणीभांडी करणाऱ्या मावशीला रजा म्हणजे बिनपगारी घरी बसणे. चार घरांची दोन घरे झाली, की मुलीची क्लासची फी थांबते, बचत गटाचा हप्ता थकतो.

कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान ठरले. जे जगले पण पूर्वीसारखे कामाला राहिले नाहीत, त्यांच्यासाठी तसे काही ठरले नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत लाँग कोविड नाही. अमेरिकेत जुलै २०२१ मध्येच सरकारने जाहीर केले की लाँग कोविडने रोजच्या जगण्यातल्या महत्त्वाच्या कामांवर मोठी मर्यादा आली, तर ते अपंगत्व मानता येईल. तिथल्या रुग्णांनी हे कसे घडवून आणले, ते पाहण्यासारखे आहे.

रुग्णांनीच अभ्यास केला

२०२० च्या उन्हाळ्याच्या तोंडाला अमेरिकेत काही आजारी लोक इंटरनेटवर एकमेकांना भेटले. डॉक्टर ऐकून घेत नव्हते. त्यांच्यातले काहीजण संशोधन जाणणारे होते. त्यांनी ठरवले, आपणच प्रश्नावली काढू. मे २०२० मध्ये ६४० लोकांच्या उत्तरांचा पहिला अहवाल त्यांनी मांडला. पुढे ५६ देशांतल्या ३,७६२ लोकांनी उत्तरे दिली. कोणते दुखणे कोणत्या आठवड्यात आले, किती टिकले, काम किती सुटले, हे सगळे मोजले. २०३ लक्षणांची यादी तयार झाली. ४५ टक्के लोकांना कामाचे तास कमी करावे लागले होते. २२ टक्के लोक आजारामुळे कामावरच नव्हते. २०२१ मध्ये हा अभ्यास मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज जगभरचे डॉक्टर त्याचा आधार घेतात. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेच्या संसदेने या आजाराच्या संशोधनासाठी १.१५ अब्ज डॉलर मंजूर केले होते.

या अभ्यासात एक उणीव मात्र होती. उत्तरे देणाऱ्यांत बहुतेक लोक गोरे होते. ज्यांच्याकडे इंटरनेट आहे, वेळ आहे, तेच प्रश्नावली भरणार. जो विचारला जातो, तोच मोजला जातो.

आता आपल्याकडे पाहा. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागातल्या तीन वॉर्डांत ६,९३६ लोकांचे रक्त तपासले. वस्त्यांमधल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याची खूण सापडली. वस्तीबाहेरच्या इमारतींत हे प्रमाण १६ टक्के होते. दाट घरे, सार्वजनिक शौचालय, पाण्याचा सामाईक नळ. कारण आपल्याला वेगळे सांगायला नको. विषाणू सर्वांत जास्त आपल्या दारात आला होता. मग नंतरचा त्रासही आपल्याकडे कमी नसणार. पण त्याची नोंद कुठे आहे? आपण बोललो नाही, लिहून ठेवले नाही, तर ती कधीच होणार नाही.

आधी दुसरी कारणे तपासा

थकवा आला की तो कोरोनाचाच, असे धरून बसणेही चुकीचे आहे. व्याख्याच सांगते, दुसरे कारण सापडत नसेल तरच लाँग कोविड. मावशींना मी जुने रिपोर्ट आणायला सांगितले. मुलगा दाखवत होता त्या कागदांवर तारीख होती जुलै २०२२. अडीच वर्षे जुने!

म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आधी एवढ्या गोष्टी नव्याने तपासून घ्या.

रक्तातले हिमोग्लोबिन. देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. साखर. कोरोनानंतर नव्याने मधुमेह होण्याचा धोका वाढतो, आणि तेव्हा दिलेल्या स्टेरॉइडनेही अनेकांची साखर वाढली होती. थायरॉइड. बीपी आणि हृदय. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, तर थुंकीची तपासणी आधी करा. ‘कोरोनाचा जुना खोकला’ म्हणत क्षयरोग अंगावर काढलेली माणसे मी पाहिली आहेत. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

डॉक्टरांना सांगताना नुसते ‘अशक्तपणा आहे’ म्हणू नका. “अमुक महिन्यात कोरोना झाला होता, तेव्हापासून हा त्रास आहे, काम केल्यावर दुसऱ्या दिवशी वाढतो,” असे सांगा. केसपेपरवर ते लिहून घ्यायला सांगा. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांकडे तीन मिनिटे असतात. नेमके बोललेले त्यांनाही उपयोगी पडते.

घरी काय करता येते?

लाँग कोविड मुळातून बरा करणारे एकही औषध अजून सिद्ध झालेले नाही. म्हणून कोणी ‘ताकदीची बाटली’ चढवतो, ‘ताकदीची सुई’ देतो, तीन हजारांचा काढा विकतो, तर पैसे जपा. सलाईनने दोन तास बरे वाटते, आजार जात नाही. मनाने स्टेरॉइड तर मुळीच घेऊ नका. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने आपल्याकडे किती जणांचे डोळे आणि जीव गेले, ते आठवा. अनियंत्रित साखर आणि बेसुमार स्टेरॉइड ही त्यामागची मोठी कारणे होती.

औषध नसले तरी उपाय आहेत.

ताकदीचा हिशेब ठेवा. पगार महिनाभर पुरवतो, तशी ताकद दिवसभर पुरवायची. सगळी कामे एका दमात उरकू नका. धुणे एका दिवशी, झाडलोट दुसऱ्या दिवशी. भाजी निवडणे, भाकरी थापणे बसून करा. दमण्याआधी थांबा, दमल्यावर नव्हे. बरे वाटले त्या दिवशी राहिलेले सगळे काम उपसायला जाऊ नका. ती उधारी दुसऱ्या दिवशी व्याजासह फेडावी लागते.

व्यायामाचे तारतम्य ठेवा. ‘चालायला जा, घाम गाळ, सगळं ठीक होईल’ हा सल्ला प्रत्येकाला चालत नाही. श्रमानंतर ज्यांना कोसळायला होते, त्यांनी जोर लावून व्यायाम केला तर त्रास वाढतो. ज्यांना तसे होत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे थोडे चालणे वाढवावे.

धाप लागली तर खुर्चीवर किंवा पायरीवर बसा, पुढे वाका, कोपरे गुडघ्यांवर टेका. नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून, चहावर फुंकर घालावी तसा, हळू सोडा.

विसरायला होत असेल तर लाजू नका. गॅसवर काही ठेवले की मोबाइलवर गजर लावा. कामे कागदावर लिहा.

मनावर मळभ आले असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते.

आणि वही घाला. रोज चारच गोष्टी लिहायच्या: आज काय काम केले, किती वेळ झोप झाली, त्रास काय झाला, दहापैकी किती. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला सांगा. महिनाभराची वही डॉक्टरांपुढे ठेवली, की तीन मिनिटांतही बरेच कळते.

छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळे पडणे, एक पाय अचानक सुजणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची ताकद जाणे, शुद्ध हरपणे: यातले काहीही झाले तर वही बाजूला ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

घरच्यांनी आणि मंडळाने

घरच्यांचे पहिले काम म्हणजे विश्वास ठेवणे. ‘काल तर बरी होतीस’ हे वाक्य आजपासून बंद करा. पाणी भरणे, सिलिंडर उचलणे, जिन्यावरून ओझे नेणे ही कामे घरातल्या धडधाकट माणसाने घ्यावीत, मग तो मुलगा असो की नवरा. घरकाम बाईचेच, हा समज अशा वेळी आजार वाढवतो.

महिला मंडळाने आणि विहार समितीने एक गोष्ट करावी. आपल्या वस्तीत कोरोनानंतर कोणाचे काम सुटले, कोणाला कायमची धाप लागली, याची यादी करावी. नाव उघड करायचे की नाही, हे त्या त्या व्यक्तीला विचारून. पाच-दहा जणांच्या वह्या जमल्या की वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून मागणी करता येते: महिन्यातून एक दिवस कोरोनानंतरच्या रुग्णांसाठी तपासणी ठेवा, श्वासाच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी द्या, आशाताईंच्या पाहणीत हा प्रश्न घाला. तोंडी तक्रार हवेत विरते. लिहिलेल्या यादीला उत्तर द्यावे लागते.

मावशींचे पुढे काय झाले, ते सांगते. नव्याने रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन नऊ निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. साखरेचे औषधही सुरू झाले. तीन महिन्यांनी रक्त वाढले, पण थकवा पूर्ण गेला नाही. नातीने लिहिलेली वही आम्ही सोबत बसून वाचली. त्यात सोमवार आणि गुरुवार सर्वांत वाईट होते. रविवारी आणि बुधवारी मावशी घरचे सगळे धुणे धुऊन वरच्या मजल्यावर वाळत घालायच्या, आणि त्याच दिवशी पाणीही भरायच्या.

मुलाने वही हातात घेतली. दोनदा मागची पाने चाळली. मग म्हणाला, “आई, पाणी आता मी भरत जाईन.”

मावशी आजही दोनच घरची कामे करतात. पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत. पण अंथरुणात पडून राहायचे दिवस आठवड्यातून दोनवरून महिन्यातून दोन-तीनवर आले आहेत. आणि स्वतःला आळशी म्हणणे त्यांनी सोडले आहे.

तुमच्या घरात, शेजारी असे कोणी असेल तर त्यांना हा लेख वाचून दाखवा. पुढच्या दुसऱ्या रविवारी विहारात या. येताना जुने रिपोर्ट आणा, आणि एक कोरी वही.

जय भीम.